उजवा हात, डावा डोळा : पोरीचा हात बदलायचा का नाही?

जुळेसोलापूरची आई
सरळ विषयावर येते. माझी मुलगी १३ वर्षांची, आठ महिने झाले १० मीटर एअर पिस्तूल शिकतीये. लिहिते, जेवते उजव्या हातानं आणि पिस्तूलपण उजव्याच हातात धरते पण डोळा डावा डॉमिनंट निघाला, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवले की नेम धरायला मेंदू डावा डोळा निवडतो. शिकवणारे सर (माणूस कष्टाळू आहे, नाव घेत नाही) म्हणतात हात बदला, डाव्या हातात पिस्तूल द्या, पहिल्यापासून सुरुवात करा. माझं मत अगदी उलट आहे आणि म्हणूनच इथं विचारायला आले.

आम्ही टेस्ट घरीच केली. गच्चीवर उभं करून दोन्ही हात लांब करायला लावले, दोन्ही पंज्यांमध्ये लहानसं त्रिकोणी भोक करून त्यातून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी बघ म्हटलं. उजवा डोळा मिटला, टाकी जागेवरच. डावा मिटला तर म्हणाली आई टाकी गेली, भिंत दिसतीये. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मग मला दोन वर्षांपूर्वीची गड्ड्याची जत्रा आठवली, होम मैदानावर फुगे फोडायच्या स्टॉलवर बंदुकीचा दस्ता उजव्या खांद्याला लावून ही मान पार पलीकडं टाकायची, आम्ही सगळे हसत होतो की कशी वाकडी उभी राहते बघा, ती बिचारी डाव्या डोळ्यानं बघायला धडपडत होती तेव्हा कळलंच नाही.

आता माझं म्हणणं. रायफलीत गाल दस्त्यावर टेकलेला असतो, डोळा बदलायचा तर खांदा बदलावा लागतो, ते मी मान्य करते. पिस्तूल तर हातभर लांब असतं. दोन डोळ्यांत अंतर किती, साधारण ६ सेंटीमीटर. मान थोडी उजवीकडं वळवली, अंग टार्गेटकडं जरा जास्त उघडं ठेवलं की डावा डोळा साइटच्या, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणांच्या, मागं येतो. एवढ्यासाठी आठ महिन्यांचा हात फेकून द्यायचा? ट्रिगरवरचं बोट तयार व्हायला किती वेळ लागतो हे शिकणाऱ्यालाच माहीत.

डावखुरा नवीपेठ
ताई, मी स्वतः यातून गेलोय म्हणून लिहितो, राग मानू नका. हात बदला. आणि लवकर बदला.

मी १५ व्या वर्षी उजव्याचा डावा केला. त्याआधी दोन वर्षं मान वळवून मारत होतो, तुम्ही म्हणता तसंच. पहिल्या दोन सिरीज, म्हणजे दहा-दहा शॉट, मस्त जायच्या. पण मॅच ६० शॉटची असते, ७५ मिनिटं, त्याच्या आधी तयारी आणि साइटिंगची (न मोजल्या जाणाऱ्या शॉटची) १५ मिनिटं वेगळी. जवळपास किलोभर वजनाचं पिस्तूल तेवढ्या वेळा उचलायचं आणि दर वेळी मान तशीच वळवायची. चाळिसाव्या शॉटनंतर मानेच्या उजव्या बाजूला दोरी ताणल्यासारखं व्हायचं, मग मान नकळत सैल पडायची, डोक्याचा कोन बदलायचा आणि शॉट कुठं गेला का गेला तेच कळायचं नाही. वाईट ग्रुप (शॉटचा पुंजका) दुरुस्त करता येतो ओ, हलणारा ग्रुप नाही येत.

डाव्या हातानं पहिले चार महिने रडायची वेळ होती. वर्ष दीड वर्ष गेलं. पण मग डोळा, मनगट, खांदा एका रेषेत आले ते आलेच. कारोली ताकाचचं नाव ऐकलं असेल, हंगेरीचा, १९३८ मध्ये सैन्यात असताना हातबॉम्ब फुटून उजवा हात गेला, तो डाव्या हातानं शिकला आणि १९४८ अन् १९५२ च्या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सोनं घेऊन गेला. मोठा माणूस शिकतो तर १३ वर्षांची पोरगी का नाही शिकणार.

जुळेसोलापूरची आई
ताकाचला दुसरा हात उरला नव्हता ओ. माझ्या पोरीचा उजवा हात धडधाकट आहे. दोन्ही गोष्टी एका तराजूत नका घालू, कळकळीनं सांगते.

निवृत्त हवालदार
३१ वर्षं नोकरी केली, दरवर्षी फायरिंग. आमच्यात असे पोरं पुष्कळ यायचे. रायफलीला त्रास व्हायचा हे खरं. पिस्तुलाला काही सुद्धा होत नाही, दोन्ही हातात धरलेलं पिस्तूल बोटभर डावीकडं घ्या, संपला विषय. हात बदलायला कुणी सांगितलं नाही कधी. डोळ्यावर पट्टी बांधा आणि मारा. काळं कापड लावा डाव्या डोळ्याला, आठ दिवसात उजवा डोळा कामाला लागतो.

चष्म्याचा दुकानदार
काका काळं कापड नको. डोळे तपासणं हा माझा रोजचा धंदा आहे म्हणून बोलतो. एक डोळा पूर्ण अंधारात गेला की त्याची बाहुली मोठी होते आणि दोन्ही बाहुल्या एकमेकीला धरून चालतात त्यामुळं उघड्या डोळ्याची बाहुली पण थोडी मोठी होते. बाहुली मोठी म्हणजे फोकसची खोली कमी. फ्रंट साइट आणि लांबचं टार्गेटचं काळं वर्तुळ दोन्हीचा अंदाज घ्यायचा असतो तिथंच नुकसान. म्हणून दुधी, अर्धपारदर्शक पट्टी लावतात, उजेड येतो पण चित्र येत नाही. मॅचमध्ये न नेम धरणाऱ्या डोळ्यासमोरच्या अशा पट्टीला, म्हणजे ब्लाइंडरला, परवानगी आहे, ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको एवढंच.

डोळा मिटून मारणं तर सगळ्यात वाईट. एका डोळ्याची पापणी आवळली की दुसऱ्याच्या भोवतालचे स्नायू पण ओढले जातात.

आणि ताई त्याही आधीची गोष्ट. नंबर तपासला का दोन्ही डोळ्यांचा? डॉमिनंट डोळा म्हणजे तीक्ष्ण डोळा असं नसतं, कमी दिसणारा डोळा सुद्धा डॉमिनंट असू शकतो. पण उजव्या डोळ्याला जास्त नंबर असेल किंवा तो लहानपणापासून आळशी राहिला असेल तर मग वादच नाही, त्या डोळ्यावर जबरदस्ती करण्यात अर्थ नाही. आणि साधा नंबरचा चष्मा घालून मान वळवून मारत असेल तर ती काचेच्या कडेतून बघते, तिथं चित्र वाकडं येतं. शूटिंगच्या चष्म्यात भिंग फिरवून नजरेच्या रेषेला काटकोनात आणता येतं, त्याचे पैसे त्यासाठीच असतात.

जुळेसोलापूरची आई
उजवा डोळा मायनस पाऊण, डावा शून्य. चष्मा घालते पण रेंजवर काढून ठेवते, हे मला आत्ता तुमचं वाचून विचारल्यावर कळलं.

होटगी रोड
डावखुरा दादांचा मुद्दा मला पटतो पण कारण वेगळं आहे, मानेचं नाही. आकडे बघा. एअर पिस्तूलची साइट रेडियस, म्हणजे मागच्या खाचेपासून पुढच्या पोस्टपर्यंतचं अंतर, ३५० मिमीच्या आसपास धरा. टार्गेट १० मीटरवर. म्हणजे साइट्स एकमेकींत १ मिमी चुकल्या तर शॉट २८ मिमी बाजूला. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, पुढं प्रत्येक रिंग ८ मिमी. २८ मिमी म्हणजे थेट सातात. आता उजव्या हातानं डाव्या डोळ्यासमोर पिस्तूल आणायचं तर हात छातीवरून आत येतो आणि नळी सरळ ठेवायला मनगट बाहेर वळवावं लागतं. ट्रिगर दाबताना ते वळलेलं मनगट परत सरळ व्हायला बघतं. एक मिमी जायला वेळ लागत नाही. मनगट सरळ हवं असेल तर हात आणि डोळा एकाच बाजूचे हवेत.

रेंजचा जुना
एवढा वेळ वाचत होतो. होटगी रोड भाऊ, हिशेब बरोबर पण उपाय हात बदलणं नाही, ग्रिप म्हणजे पिस्तुलाची मूठ फिरवणं आहे. चांगल्या मॅच पिस्तुलात ग्रिपचा कोन आडवा फिरवता येतो ते कशासाठी दिलंय? हात जिथं आरामात थांबतो तिथं थांबू द्या आणि ग्रिप अशी बसवा की डोळे मिटून पिस्तूल उचलल्यावर आणि मग डोळा उघडल्यावर पोस्ट खाचेच्या मधोमधच दिसली पाहिजे. नाही दिसली तर मनगट नका वळवू, ग्रिप वळवा. आणि शिकणाऱ्या पोरांच्या हातात कसली पिस्तुलं असतात, सगळ्यांच्या हातातून फिरलेली, कुठल्यातरी मोठ्या पंज्याच्या माणसासाठी घासलेली ग्रिप. त्यात पोरीचा पंजा खुळखुळतो. डोळा डोळा करत बसतात सगळे आणि ग्रिपकडं कुणी बघत नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं. पुट्टी लावून भरून घ्या, सँडपेपर मारा, आधी तिच्या हाताची ग्रिप करा मग बोला.

दुसरं, दोन्ही डोळे उघडे ठेवून मारणारा तुर्कीचा युसुफ डिकेच सगळ्यांनी बघितला २०२४ ला पॅरिसमध्ये. मिक्स्ड टीमचं रौप्य. त्याच इव्हेंटला आपल्या मनू भाकर आणि सरबज्योतनं ब्राँझ घेतलं. ना ब्लाइंडर ना काही. मग तेरा वर्षांच्या पोरीच्या मागं एवढं का लागायचं.

डावखुरा नवीपेठ
डिकेच ५१ वर्षांचा होता तेव्हा दादा, किती वर्षांचा सराव असेल त्यामागं. त्याचं बघून आमच्या पोरांनी पॅरिसनंतर ब्लाइंडर काढून टाकले आणि महिनाभर दोन फ्रंट साइट बघत बसले, एक घट्ट, एक विरळ, आणि कुठली खरी तेच कळेना. ज्याचा हात आणि डोळा दोन बाजूंचे त्याला तर ती विरळवाली जास्त ओढते.

ग्रिपचं तुमचं मात्र शंभर टक्के मान्य. तरी एक सांगतो, ग्रिप फिरवून मनगटाचं दुखणं जातं, मानेचं जात नाही.

रेंजचा जुना
मानेचं पण जातं. तुम्ही बहुतेक पूर्ण आडवे उभे राहून मारत होता, जुन्या पद्धतीनं, खांदा थेट टार्गेटवर. त्यात मान आधीच जेवढी वळते तेवढी वळलेली, आणि डाव्या डोळ्यासाठी आणखी वळवायची म्हटल्यावर दुखणारच की ओ. पाय उघडा. टार्गेटच्या रेषेपासून अंग ४०-४५ अंश फिरवून बघा, मान जवळपास सरळ राहते.

डावखुरा नवीपेठ
उघडं उभं राहिलं की कंबर डोलते. आडव्या होल्डचं, म्हणजे नेम धरताना पिस्तूल डावी-उजवीकडं हलतं त्याचं, काय करायचं मग? तुम्ही एक दुखणं काढून दुसरं देताय. माझं मत बदललेलं नाही.

निवृत्त हवालदार
दुधी पट्टीचं माहीत नव्हतं. एवढी वर्षं काळं कापड बांधलं पोरांच्या डोळ्याला, आता वाटतंय उगीच बांधलं.

जुळेसोलापूरची आई
काल संध्याकाळी घरी करून बघितलं. मागच्या खोलीत भिंतीवर काळी टिकली चिकटवलीये तिथं ती ड्राय मारते, म्हणजे छर्रा न घालता सराव. चष्मा घालायला लावला आणि उजव्या काचेवर दुधी टेप लावली, म्हणजे डाव्या डोळ्यानंच बघायचं. पाय उघडे. वीस वेळा उचललं. आधी मिटलेल्या डोळ्याखालचा गाल वर गोळा व्हायचा, वरचा ओठ पण ओढला जायचा, तो चेहरा सुटला एकदम. पण मनगट होटगी रोड म्हणतात तसं बाहेर वळतंय, मला पण दिसलं. ग्रिप क्लबची आहे, फिरवायची तर सरांना विचारावं लागेल.

ती शेजारीच बसलीये, म्हणतीये मला लिहायचंय. देते.

जुळेसोलापूरची आई
नमस्कार काका, दादा. मी लिहितीये, आई नाही.

मला कुणीच विचारलं नाही की मला काय दिसतं. डावा डोळा मिटून मारते तेव्हा पहिले वीस शॉट फ्रंट साइट काळीकुट्ट दिसते. मग डोळा थकतो, पापणी थरथरते, थोडी उघडते आणि पिस्तूल एकदम बाजूला सरकल्यासारखं दिसतं, मी ते सरळ करायला जाते आणि शॉट जातो. ते पाच-सहा गुणांचे शॉट येतात ना, ते सगळे तिथले आहेत. सरांना वाटतं मी ट्रिगर ओढते. मी ओढत नाही.

काल टेप लावल्यावर साइट शेवटपर्यंत एकच होती. पण आईला सांगितलं नव्हतं, मी मागच्या महिन्यात तीन-चार वेळा डाव्या हातानं पण ड्राय मारून बघितलं होतं. हात खूप हलतो. ग्रिप उजवी असल्यामुळे अंगठा कुठं ठेवायचा कळत नाही, बोटाला टोचतं. पण साइट सरळ डोळ्यासमोर येते, शोधावी लागत नाही. मला उजवा सोडायचा नाहीये. पण डाव्याचं पण खरं काय ते नीट ग्रिप घेऊन एकदा बघायचंय.

डावखुरा नवीपेठ
बाळ, उजव्या ग्रिपवर डावा हात मारू नकोस, नस दुखावेल. खरंच सांगतोय, आजपासून बंद.

रेंजचा जुना
पाच-सहा कुठं येतात ते वहीत लिहायला लाग. नुसता स्कोर नको, कितवा शॉट आणि कुठल्या बाजूला. तिसाव्यानंतरच येत असतील तर ती वही सरांना दाखव, ते ऐकतील.

जुळेसोलापूरची आई
डाव्या हाताचं मला माहीतच नव्हतं. सकाळपासून तेच डोक्यात आहे.

वही आणली. टेप राहील. ग्रिप फिरवायचं सोमवारी सरांशी बोलते, माझं मत अजून उजव्याच हाताचं आहे पण तिला बघायचंय तर बघू दे. सोलापुरात कुणाकडं जुनी डावी ग्रिप पडून असेल, लहान साइजची, तर पंधरा दिवसांसाठी मिळेल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि परत आणून देईन.

डावखुरा नवीपेठ
माझी पहिली आहे. मीडियम आहे, पण पुट्टी लावून लहान करता येईल. रविवारी सकाळी दहानंतर पार्क चौकात या, पोरीला पण आणा, हाताचं माप घेऊनच देतो.