जर्मनीत ब्लू कार्डवर असताना नोकरी बदलायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणारा राहण्याचा आणि नोकरीचा परवाना) कोणी जॉब बदललाय का? मी इथे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, कार्ड मिळून अजून वर्ष व्हायचंय आणि दुसऱ्या शहरातून चांगली ऑफर आलीये. नोव्हेंबर 2023 पासून नियम बदललाय, आता आधी परवानगी लागत नाही पण पहिल्या 12 महिन्यांत बदल केला तर फॉरेनर्स ऑफिसला कळवावं लागतं आणि ते 30 दिवस थांबवून तपासू शकतात, पगार किंवा काम अटीत बसत नसेल तर नकारही देऊ शकतात, इथपर्यंत मला कळलंय.

अडतंय ते पुढे. ऑनलाइन फॉर्म भरला, नवीन काँट्रॅक्टची पीडीएफ जोडली, पण पोच म्हणून काहीच आलं नाही, ईमेलला उत्तर नाही. नवीन कंपनी जॉइनिंगची तारीख मागतेय. तुम्ही लेखी उत्तर येईपर्यंत थांबलात की 30 दिवस मोजून राजीनामा दिलात? मला हातातली नोकरी सोडून अधांतरी राहायचं नाहीये, बायकोचा व्हिसाही माझ्याच कार्डावर आहे. पोच मिळवायला रजिस्टर्ड पोस्टाने कागद पाठवले तर चालतात का?

अजून एक, जर्मन भाषा बी1 (मध्यम) पातळीची येत असेल तर 21 महिन्यांत पर्मनंट रेसिडेन्सी मिळते (नाहीतर 27), मग दोन नोकऱ्यांच्या मधे महिनाभर गॅप पडली, पेन्शन भरलं गेलं नाही, तर तो महिना धरत नाहीत का? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, कुठल्या राज्यात केलंत तेही लिहा, प्रत्येक ऑफिसची पद्धत वेगळी असते.