पेशंट बोलत असतो आणि माझं लक्षच नसतं, काय करू?

केळीपट्टा_जळगाव:
नमस्कार, पाच वर्षं झाली सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे, रावेर-यावलकडून पेशंट येतात, ओपीडीच्या दिवशी वीसेक जण, एकेकाला दहा मिनिटं मिळाली तरी खूप. गेल्या महिन्यात एका मावशींना बोलता बोलता विचारलं, मुलगा काय करतो. त्या गप्पच झाल्या. मुलगा गेला म्हणूनच तर त्या माझ्याकडे यायला लागल्या होत्या, फाईलीत माझ्याच हाताने लिहिलंय. पुढच्या तारखेला आल्या नाहीत. तेव्हापासून झोप नाही, सकाळी दवाखान्याची पायरी चढावीशी वाटत नाही. नोकरी सोडू का?

साक्रीकर:
ताई, मी यातून गेलोय. माझं असं व्हायचं की पेशंटने तोंड उघडलं की पुढचं मला माहीतच आहे असं वाटायचं, दारू, कर्ज, कापसाचा भाव, आणि मग सगळ्यांना एकच सल्ला, दीर्घ श्वास घ्या. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईलाही तेच सांगून घरी पाठवलं, अजून टोचतं. नंतर धुळ्यातल्या एका सिनियर मॅडमकडे दर पंधरा दिवसांनी केसेस मांडायला लागलो, नावं न घेता. सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसासमोर आपल्या केसेस मांडून सल्ला घेणं, आपल्याला कोणी लावून देत नाही, स्वतःच शोधावं लागतं.

अमळनेर_८२:
मी पेशंटच्या घरचा. वडिलांना डिप्रेशन होतं, काउन्सेलर सारखे मोबाईल बघायचे. वडील घरी येऊन म्हणाले, "त्यासले येळ नही, मी कसाले जाऊ?" गोळ्याही बंद केल्या. परत तयार करायला आठ महिने गेले. रजा घ्या ताई, पण आधी त्या मावशींना फोन करा.

सातपुडा_नंदुरबार:
डब्ल्यूएचओने 2019 मध्ये आयसीडी-11 ही आजारांची यादी मंजूर केली त्यात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाचा ताण सतत राहिला आणि नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था म्हटलंय, थकवा, कामातून मन उडणं, आपल्याने काही होत नाही असं वाटणं. म्हणजे खोट एकट्या तुमच्यात नाही, पेशंट किती आणि वेळ किती हे साहेबांना लेखी द्या. आमच्याकडे धडगावला पावरी बोलणारा पेशंट आला की दुभाष्या लागतो, वेळ दुप्पट, रजिस्टरात मात्र एकच आकडा. आणि झोप नाही म्हणता तर डॉक्टरांना दाखवा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो, तो आपल्यासाठीपण आहे.

केळीपट्टा_जळगाव:
वाचून रडूच आलं. मावशींना गावातल्या आशा सेविकेकडून निरोप देणार नाही, गावात चर्चा होते, उद्या स्वतःच फोन करते आणि माफी मागते. पेशंट किती आणि वेळ किती याचा साहेबांना अर्ज लिहिलाय, सोमवारी देतेय. साक्रीकर दादा, फोनवर केसेस मांडल्या तर चालतात का तुमच्या मॅडमना?