ऑपरेटर निवडताना थांबायचं कुठे? ३७ टक्क्यांचा नियम कामाचा आहे का?

नमस्कार मंडळी,

बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिक सिलिंडरचे पिस्टन, ग्लँड (दांडा बाहेर येतो तिथलं झाकण) अशी टर्निंगची, म्हणजे लेथवर फिरवून कापायची कामं. सीएनसीवरचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवरचा) जुना ऑपरेटर गोव्याला गेला, त्याच्या जागी माणूस बघतोय. खानापूर, कंग्राळी, संकेश्वर अशा सगळीकडून मिळून बाराएक जण ट्रायलला येतील.

अडचण अशी की इथे "कळवतो" म्हणून चालत नाही. चांगला गडी सकाळी आमच्याकडे ट्रायल देतो, दुपारी शेजारच्या शेडमध्ये, नाहीतर सरळ कोल्हापूरकडे गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची वाट धरतो. दोन दिवसांनी फोन केला की "लागलो की ओ मालक" ऐकायचं.

काल पहिलाच पोरगा आला. मायक्रोमीटर हातात घेतल्यावर आधी दोन्ही तोंडं पुसली, झिरो बघितला, मगच जॉबला (कापायच्या तुकड्याला) लावला. पहिला पीस मुद्दाम थोडा जाड ठेवून नंतर ऑफसेट दिला, म्हणजे मशीनमध्ये टूलचं माप दुरुस्त केलं. आमचे अण्णा म्हणाले, घे की ह्यालाच, आणि काय बघतोस? पण पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने सांगितलं की गणिताप्रमाणे पहिले ३७ टक्के नुसते बघून सोडायचे आणि त्यानंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस दिसेल तो पहिला घ्यायचा. म्हणजे माझे पहिले चार गेले. पोराची मावशी शहापूरला राहते म्हणून तो उद्या संध्याकाळपर्यंत थांबलाय. काय करावं?

प्रतिसाद १

पुतण्याचं गणित बरोबर आहे, पण ते तुमच्या प्रश्नाचं नाही. बारांतले चार सोडले तर सर्वोत्तम माणूस हाती लागण्याची शक्यता साधारण ३९.५ टक्के. तीनच सोडले तर ३८. फारसा फरक नाही. मात्र सोडलेल्यांतच सर्वोत्तम निघून गेला तर पुढे कोणीच त्याच्यापेक्षा सरस ठरत नाही आणि शेवटी येईल तो गळ्यात पडतो. चार सोडल्यास हा धोका ३३ टक्के, तीन सोडल्यास २५. हे कोणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे हा नियम ज्याला चांगलं-वाईट काहीच ठाऊक नाही, जो फक्त आलेल्यांची आपसात तुलना करू शकतो, त्याच्यासाठी आहे. तुम्ही इतकी वर्षं ऑपरेटर बघताय. बाजारात कसली माणसं मिळतात हे माहीत असेल तर कोणाला सोडायची गरजच नाही, माणूस किमान किती चांगला हवा याची पट्टी ठरवायची. पुढे अजून अकरा यायचे असतील तर आजचा माणूस शंभरांतल्या वरच्या सातांत बसतो का, एवढंच बघा. माणसं संपत येतील तशी पट्टी खाली आणायची. शेवटून दुसरा आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस असेल, तर तो बाजारातल्या निम्म्यांपेक्षा बरा असला तरी पुरे. असं केलं तर उमेदवार कितीही असोत, सर्वोत्तम माणूस मिळायची शक्यता ५८ टक्क्यांच्या खाली जात नाही.

शिवाय "सर्वोत्तमच हवा, दुसरा नंबर म्हणजे नापास" अशी तुमची अट आहे का? मला नाही वाटत. दुसऱ्या नंबरवाल्यानेही पिस्टन निघतात.

(जाता जाता: १६११ साली खगोलशास्त्रज्ञ केप्लरची पहिली बायको वारली. पुढे त्याने अकरा स्थळं बघितली आणि फिरून पाचवीकडेच आला. १६१३ मध्ये लग्न झालं. त्याला परत जाता आलं, तुमचा गडी तोवर गोव्यात असेल.)

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, पण तो सातांत बसतो हे कळलं कशावरून? बाहेरचा व्यास तर आयटीआयचं नवं पोरगंही काढतं. ग्लँडच्या आतली सीलची खाच काढायला द्या. तिथे टूलची थरथर, अडकणारी चिप (धातूचा कीस), आत मापायची अडचण, सगळं एकदम समोर येतं. खाचेच्या तळाचं फिनिशही बघा. आणि पगार आधीच बोलून ठेवा. हो म्हटल्यावर घासाघीस केली तर मावशीच्या घरूनच परस्पर जाईल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ट्रायल बाहेरच्या व्यासाचीच घेतली होती. उद्या सकाळी ग्लँड देतो. खाच नीट निघाली तर बाकीच्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगेन. पुतण्याला ते ५८ टक्क्यांचं कुठून येतं ते विचारलंय, तो अजून वहीत काहीतरी खरडतोय.