थंडीतलं सनस्क्रीन: जेल लावलं की वळ्या, क्रीम लावलं की राखाडी चेहरा

सातपूर_जनरल_शिफ्ट
मखमलाबाद ते सातपूर एमआयडीसी, दुचाकी, सकाळी सव्वानऊ. दुपारी एक ते दोन डबा शेडबाहेरच्या बाकावर, मुद्दाम उन्हात, कारण आत गारठा. परतताना अंधार. उन्हाळ्यातलंच एसपीएफ ५० चं जेल चालू आहे. डिसेंबर लागल्यापासून दोन भानगडी: तासाभरात चेहरा ताणल्यासारखा होतो, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात, आणि आधी मॉइश्चरायझर लावलं तर जेलच्या मळासारख्या वळ्या निघतात. क्रीम आणलं तर रंग राखाडी दिसतो. निफाडचा पारा एक आकडी झालेला असताना सनस्क्रीन लागतंच का? लागत असेल तर कुठलं, किती? आणि रोज लावल्याने व्हिटॅमिन डी कमी पडतं म्हणतात, ते खरं का?

सावली_मोजा
पारा विसरा, सावली बघा. गारठा हवेचा, अतिनील किरणांना त्याचं देणंघेणं नाही. ते ठरतात सूर्य किती वर आहे त्यावर. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या उत्तरार्धात इथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावली पडते. २१-२२ डिसेंबरला, म्हणजे वर्षात सगळ्यात खाली असताना, तो साडेबाराच्या सुमारास ४६-४७ अंशांवर असतो. त्या वेळी अंगणात उभं राहून बघा, सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच भरेल. सावली उंचीपेक्षा आखूड म्हणजे ऊन त्वचेला लागणारं, हा जुना ठोकताळा.

आता तुमचा दिवस. सव्वानऊला सावली उंचीच्या दुप्पट, म्हणजे गाडीवरचं ऊन तसं सौम्य. तुमचं खरं ऊन डब्याच्या वेळचं आहे. उबेसाठी बसता म्हणून चटका जाणवत नाही आणि तासभर सहज जातो. म्हणजे तुम्ही सनस्क्रीन सकाळी लावता आणि ते कामाला येतं दुपारी, तोवर निम्मं पुसलं गेलेलं असतं. बारा-पन्नासला दुसरा हात मारा. तेवढं जमत नसेल तर बाक सावलीत सरकवा, पाठीवर ऊन घ्या.

आणखी एक. अतिनील किरण दोन प्रकारचे, यूव्हीबी आणि यूव्हीए. यूव्हीबीने त्वचा भाजते, एसपीएफचा आकडा मुख्यतः त्याचा. यूव्हीएने रापते, वांग गडद होतो, सुरकुत्या लवकर येतात. तो खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतो. हिवाळ्यात यूव्हीबी जितका घटतो तितका यूव्हीए घटत नाही. म्हणून थंडीत ट्यूब उलटी करून आधी ‘पीए’ (यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) पुढची अधिक चिन्हं मोजा: तीन किंवा चार हवीत, सोबत ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं हवं. एसपीएफ ३० भरपूर झालं. पूर्ण मात्रेत लावलं तर ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० साधारण ९८. एका टक्क्यासाठी भांडायचं कारण नाही.

बेस_बदला
वरचं बरोबर, पण गोम ‘पूर्ण मात्रेत’ या शब्दांत आहे. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. माणसं लावतात त्याच्या निम्मं, कित्येकदा पावच. मग ५० चं लेबल नुसतं ट्यूबवर राहतं.

माप: तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक पट्टी. चेहरा, कान, गळा मिळून एवढं. साधारण १ ग्रॅम होतं. दिवसातून दोनदा लावलंत तर ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम पंचवीस दिवस चालते. तुमची तीन महिने पुरत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

ताण आणि पापुद्रे: मागच्या बाजूची घटकांची यादी वाचा. ती सहसा जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. ‘अल्कोहोल डिनॅट’ (पटकन उडून जाणारं अल्कोहोल) पहिल्या चार-पाचांत असेल तर ते जेल उन्हाळ्याचं. घामट चेहऱ्यावर बरं वाटतं, कोरड्या हवेत त्वचेला आणखी कोरडं करतं. आत्ता लोशन किंवा क्रीम घ्या, ज्यात ग्लिसरीन वरच्या नंबरात आहे. (सेटिल अल्कोहोल, सेटेरिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नका; ती मऊपणा देणारी, नावापुरती अल्कोहोलं.)

वळ्या का निघतात: खालचा थर मुरायच्या आत वरचा चोळला की दोन्ही मिळून गुंडाळले जातात. डायमेथिकोनवाल्या (म्हणजे सिलिकॉनच्या) दाट मॉइश्चरायझरवर हे हमखास होतं, सुटलेले पापुद्रे त्यात भर घालतात. क्रम असा ठेवा. चेहरा कोमट पाण्याने, कमी फेस होणाऱ्या फेसवॉशने. अंगाचा साबण नको. टॉवेलने टिपा, ओलसर असतानाच वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर. दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात चहा होतो. मग एका बोटाचं सनस्क्रीन ठिपके देऊन पसरवा, दोन मिनिटांनी दुसऱ्या बोटाचं. चोळायचं नाही, थापायचं. हेल्मेट आणि रुमाल पंधरा मिनिटांनी, नाहीतर अर्धं सनस्क्रीन अस्तराला जातं.

मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन तळहातावर एकत्र कालवू नका, थर पातळ होतो. खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली रात्रीला ठेवा. त्यावर सनस्क्रीन घसरतं.

सातपूर_जनरल_शिफ्ट
दोन बोटं लावली तर क्रीमने चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसतो हो. त्याचं काय?

बेस_बदला
तुमच्या क्रीममध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असणार. सावळ्या, गव्हाळ रंगावर ते राखाडी दिसतंच. ते नसलेलं घ्या, किंवा टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा घातलेलं घ्या. टिंटमधलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं, वांग असलेल्यांना ते जास्त उपयोगी. डोळ्यांत चुरचुरत असेल तर डोळ्यांभोवती मात्र झिंकवालं स्टिकच बरं, राखाडी दिसलं तरी.

अ‍ॅव्होबेन्झोन (यूव्हीए अडवणारा घटक) असलेलं घेतलंत तर पांढऱ्या शर्टाची कॉलर सांभाळा. बोअरच्या पाण्यातल्या लोहाशी त्याचं जुळलं की गंजासारखे डाग पडतात. ब्लीच घातलंत तर डाग पक्का होतो. लिंबू-मीठ लावून धुवा.

द्राक्षबाग_दिंडोरीरोड
शेतावरच्यांसाठी वेगळं सांगतो, कारण दर दोन तासांनी परत लावा हा नेहमीचा सल्ला बागेत चालत नाही. विरळणी आणि डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवताना) दिवसभर हात वर, मान वर. बाह्या कोपरापर्यंत घसरतात आणि ऊन लागतं ते हनुवटीखाली, गळ्यावर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी काही लावत नाही. बाहीच्या टोकाला अंगठ्यासाठी भोक पाडा, बाही जागेवर राहते. कापड घट्ट विणीचं, गडद. विरळ पांढऱ्या सुती कापडातून ऊन आरपार येतं, ओलं झालं तर आणखी. उघडा राहील तेवढ्याच भागाला वॉटर रेझिस्टंट सनस्क्रीन, सकाळी आणि जेवणाआधी. दुपारी लावायच्या आधी हात साबणाने धुवा, नाहीतर औषध चेहऱ्यावर जातं. बोटांच्या टोकांना लावू नका, मण्यावरचा पांढुरका थर पुसला जातो.

सावली_मोजा
व्हिटॅमिन डी राहिलं. रोजच्या वापरात कुणी इतकं जाड, इतकं सर्वांगाला लावत नाही की ते बनणं थांबावं. उलट सकाळी आठचं ‘कोवळं ऊन’ त्यासाठी जवळपास निरुपयोगी: सूर्य इतका खाली असताना यूव्हीबी पोचतच नाही. शंका असेल तर रक्ताची २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासणी करा आणि डॉक्टर सांगतील तेवढ्याच गोळ्या घ्या.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर त्वचा लवकर भाजते. तेव्हा दुपारचा दुसरा हात चुकवू नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नाही, टोपडं आणि सावली. ओठांना एसपीएफवालं लिप बाम वेगळं लागतं. मुठींच्या पाठीलाही लावा. हेल्मेटची पॉलिकार्बोनेट काच चेहरा बऱ्यापैकी झाकते, हँडलवरचे हात उघडेच असतात. आणि ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. क्रीम फाटून पाणी वेगळं सुटलेलं दिसलं की ती टाकून द्या, तारीख उलटलेली नसली तरी.