‘जेंडर बायस’ला लिंगभेद म्हणावं का?

कोरा कागद: मानसशास्त्राच्या एका प्रकरणाचं भाषांतर अडलंय. ‘जेंडर बायस’साठी ‘लिंगभाव-पूर्वग्रह’ लिहिलं होतं, संपादकांनी सरसकट ‘लिंगभेद’ केलं. आता एक वाक्य असं झालंय: ‘बीटा प्रकारच्या लिंगभेदात लिंगभेदाकडे दुर्लक्ष होते.’ काय करावं?

तळटीप: इथे लिंगभेद चालणारच नाही. ‘स्मरणशक्तीत लिंगभेद आढळला’ म्हणजे स्त्री-पुरुषांच्या गुणांत फरक दिसला, एवढंच. हेअर-मस्टिन आणि मारेचेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली मांडलेली अल्फा-बीटा ही जोडी नेमकी या फरकाबद्दल आहे. फरक फुगवला की अल्फा, असलेला फरक पुसला की बीटा. फरकाला आणि दोषाला एकच शब्द दिलात तर सगळं प्रकरण वाया जाईल.

उंबर: मला ‘पूर्वग्रह’ही पटत नाही. तो माणसाच्या मनात असतो. मानसशास्त्रज्ञ कोलबर्गने १९५८च्या प्रबंधासाठी शिकागोतले १०, १३ आणि १६ वर्षांचे ७२ मुलगे घेतले, मुलगी एकही नाही, आणि त्यावरून नैतिक विकासाच्या पायऱ्या सगळ्यांसाठी मांडल्या. मन कितीही स्वच्छ असो, दोष नमुन्यात बसलेला आहे. त्यासाठी आपला जुना ‘पासंग’ बघा. तराजू रिकामा असतानाच एक पारडं खाली जातं, तो पासंग.

तळटीप: पण पारडी सारखी करायला जे वजन बांधतात, त्यालाही पासंगच म्हणतात! आणि ‘पासंगालाही पुरत नाही’च्या पलीकडे आज तो कुणाला ठाऊक आहे? संख्याशास्त्रातला ‘अभिनती’ घ्या.

मधली सुट्टी: ‘अभिनती’ मुलं परीक्षेपुरता पाठ करतील. बोलताना सगळे ‘बायस’ म्हणतात, तोच लिहा. शिवाय ‘लिंगभाव’ सगळीकडे लावू नका. बेरी आणि झुकर यांच्या २०११च्या पाहणीत मेंदूविज्ञानात फक्त नर प्राणी वापरणारे अभ्यास फक्त माद्या वापरणाऱ्यांच्या ५.५ पट निघाले. मादीच्या ४-५ दिवसांच्या ऋतुचक्रामुळे मोजमापं फार हलतात, हे त्याचं नेहमीचं समर्थन. २०१४ मध्ये उंदरांवरचे २९३ शोधनिबंध एकत्र तपासले, तर माद्यांची मोजमापं नरांपेक्षा जास्त हलत नव्हती. उंदराला लिंग असतं, लिंगभाव, म्हणजे समाजाने ठरवलेलं बाईपण-पुरुषपण, नसतो.

उंबर: आणि शब्द बरोबर बसला तरी वाक्य चुकतं, त्याचं काय? ‘पुरुषांत परिणाम दिसला, स्त्रियांत नाही, म्हणजे फरक आहे.’ दोन निकाल शेजारी ठेवून फरक सिद्ध होत नाही. दोन परिणामांमधला फरकच तपासावा लागतो, आणि तो मूळ परिणामाएवढा असला तरी पकडायला नमुना चौपट लागतो. भाषांतरात हे सपाट करू नका.

कोरा कागद: परिशिष्टात प्रश्नावलीही आहे. सगळी विधानं ‘मी लवकर चिडतो’ अशी पुल्लिंगी आहेत. उलट भाषांतर करून पाहिलं, तिथे काहीच खटकलं नाही.

तळटीप: खटकणारच नाही. इंग्रजीत परत नेलं की चिडतो आणि चिडते एक होतात. मराठी प्रत बायकांपुढे ठेवल्याशिवाय ही चूक सापडत नाही. वाक्य फिरवा: ‘मला लवकर राग येतो.’ ‘मी थकलेलो असतो’ऐवजी ‘मला थकवा जाणवतो’.

मधली सुट्टी: ‘चिडतो/चिडते’ लिहिलं की झालं.

तळटीप: फोनवर वाचून दाखवणारा तिरकी रेघ कशी वाचणार? घाईत पहिलंच रूप वाचलं जातं.

उंबर: प्रत्येक वाक्य ‘मला’वर नेता येत नाही. ‘मी इतरांवर विश्वास ठेवतो’चं ‘माझा इतरांवर विश्वास असतो’ केलंत तर कृती गेली, स्थिती आली. मोजायचं होतं तेच बदललं. दोन प्रती काढा.

मधली सुट्टी: मग गुणांत फरक आला तर तो माणसांमुळे की प्रतींमुळे, हे आधी तपासावं लागेल. आणि दोन्ही रूपं ज्यांना लागू नाहीत त्यांनी कुठली प्रत भरायची?

कोरा कागद: ‘मी स्वतःला दोष देतो’ कसं फिरवू?

तळटीप: ‘मला स्वतःलाच दोष द्यावासा वाटतो.’

उंबर: द्यावासा वाटणं आणि देणं एक नाही. ‘माझ्याकडून स्वतःला दोष दिला जातो’ बघा.

तळटीप: असं मराठीत कोण बोलतं?