१२०च्या चार्जरवर ४९, ६०च्या चार्जरवर ५८: ८०० व्होल्टच्या सेडानचं हे काय गणित? (मदत हवी आहे)

वळणवाट:

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गाडी घेऊन लांब पल्ल्याला जाणाऱ्यांनी आणि विजेच्या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचा.

आमची गाडी म्हणजे ८०० व्होल्टची जर्मन सेडान, सेकंड हँड. कागदोपत्री डीसी चार्जिंग (म्हणजे रस्त्यावरचं जलद चार्जिंग) २७० किलोवॅटपर्यंत. एवढं देणारा चार्जर आपल्या हायवेवर भेटणार नाही हे घेतानाच ठाऊक होतं, त्याबद्दल तक्रार नाही. घरीही काही अडचण नाही, सोसायटीत थ्री फेजवर ११ किलोवॅट मिळतात, रात्रीत गाडी भरते.

अडचण रस्त्यावर आहे. आई कोल्हापूरला असते आणि तिला तपासणीसाठी ठाण्याला न्यावं-आणावं लागतं. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, म्हणूनच एअर सस्पेन्शनवाली गाडी शोधली. प्रवासात तिला धक्के जाणवत नाहीत, पण उभ्या गाडीत बसून राहणं सोसत नाही. वाटेतला थांबा पंचवीस मिनिटांचा की तासाभराचा, याने आमच्या घरात खूप फरक पडतो.

साताऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात १२० किलोवॅटचा चार्जर आहे. बॅटरी ३० टक्क्यांवर असताना गन (चार्जरच्या केबलचा प्लग) लावली. स्क्रीनवर ४९ किलोवॅट. ४० टक्क्यांना ४९, ६० टक्क्यांनाही ४९. शेजारची गन रिकामी होती, म्हणजे दोन गाड्यांत विजेची वाटणी होत नव्हती. आम्ही निघताना त्याच गनवर एक ४०० व्होल्टची एसयूव्ही लागली, तर तिला ८०च्या वर मिळायला लागले! त्यानंतरच्या खेपेला कराडजवळच्या ६०च्या चार्जरवर थांबले, तिथे आमच्याच गाडीने ५८ घेतले.

दोन्ही ठिकाणचे स्क्रीनचे फोटो माझ्याकडे आहेत. साताऱ्याचा: ३९६ व्होल्ट, १२४ अँपिअर. कराडचा: ७२५ व्होल्ट, ८० अँपिअर.

चार्जरवाल्यांना फोन केला तर ते म्हणतात गाडी दाखवून घ्या, सर्व्हिस सेंटर म्हणतं चार्जर खराब असेल. गाडीत खरंच बिघाड आहे का? एप्रिलच्या उन्हात एक्स्प्रेस वे आणि खंबाटकी करून आल्यावर बॅटरी तापून असं होतं का? आणि मुख्य म्हणजे, कोणता चार्जर आपल्या गाडीला चालेल हे निघण्याआधी कसं ओळखायचं?

फेज_न्यूट्रल:

ताई, उत्तर तुमच्या फोटोंतच आहे. किलोवॅटचा आकडा जरा बाजूला ठेवा आणि व्होल्ट बघा.

कराडला ७२५ व्होल्ट दिसले, म्हणजे तो चार्जर थेट तुमच्या बॅटरीला वीज देत होता. साताऱ्याला ३९६ दिसले. तुमची बॅटरी इतक्या कमी व्होल्टला असूच शकत नाही. तो चार्जर बहुधा ५०० व्होल्टपर्यंतच जाणारा आहे. अशा ठिकाणी गाडी तिच्या आतला बूस्टर वापरते, तो ४००च्या आसपास घेतो आणि बॅटरीला लागेल तेवढं चढवून देतो. या बूस्टरची ताकद ठरलेली असते. पोर्शेच्या टायकनचं उघड उदाहरण आहे: २०१९ साली आली तेव्हा ८०० व्होल्टवर २७० किलोवॅट, पण ४०० व्होल्टच्या चार्जरवर मूळ गाडीत फक्त ५०. तिथे १५० हवे असतील तर जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय होता. तुमचे ४९ म्हणजे नेमकी तीच मर्यादा.

उन्हाचा परिणाम असता तर आकडा एका जागी ठरला नसता. बॅटरी तापली की तो आधी चढतो आणि मग उतरत जातो. शेजारची गाडी वाटेकरी असेल तर ती निघाल्यावर आकडा एकदम उडी मारतो. ३०पासून ६० टक्क्यांपर्यंत काटा हललाच नाही, याचा अर्थ कोणतं तरी यंत्र आपल्या कमाल मर्यादेवर चालत होतं. बिघाड नाही, निश्चिंत राहा.

एसयूव्हीला जास्त मिळाले कारण तिला बूस्टरची गरजच नाही. तिथे मर्यादा केबलच्या अँपिअरची. मर्सिडीजच्या १०७.८ युनिट बॅटरीवाल्या ईक्यूएसलाही (कमाल २०० किलोवॅट, ४०० व्होल्टच्या वर्गातली) तिथे तुमच्यापेक्षा जास्त मिळतील. पण १००० व्होल्टपर्यंत जाणाऱ्या १२०च्या चार्जरवर पारडं फिरतं. समजा केबल २५० अँपिअरची आहे. ४०० व्होल्टची गाडी तिथे शंभराच्या आसपास अडकेल, तुम्हाला पूर्ण १२० मिळतील.

कृष्णाकाठ:

वरच्या उत्तराशी सहमत. ओळखायचं कसं, त्याबद्दल लिहितो. अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा नुसते किलोवॅट दिलेले असतात, त्यावर जाऊ नका. चार्जरच्या अंगावर एक प्लेट असते, तिच्यावर 'आउटपुट' पुढे २००–५०० किंवा २००–१००० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. अ‍ॅपमध्ये लोकांनी टाकलेल्या फोटोंत ती प्लेट पुष्कळदा दिसते, नसेल तर थांबाल तिथे स्वतः काढून ठेवा. अँपिअरचा आकडाही तिथेच असतो.

आणि गाडीच्या नॅव्हिगेशनमध्ये चार्जरलाच मुक्काम म्हणून टाकत जा. मग पोचेपर्यंत गाडी बॅटरी चार्जिंगला सोयीच्या तापमानावर आणते. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही, पण घाट चढून आल्यावर बॅटरी गार करायलाही वेळ लागतोच.

आईंना घेऊन जाताना ८० टक्क्यांच्या पुढे भरत बसू नका. शेवटच्या वीस टक्क्यांत वेग फार पडतो, कोल्हापूर तर ७० टक्क्यांतही आरामात गाठाल.

वळणवाट:

दोघांचेही मनापासून आभार. साताऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला, कोपऱ्यात प्लेट दिसतेय: २००–५०० व्होल्ट. इतके दिवस गाडीच्या सेटिंग्ज शोधत होते!

पुढच्या खेपेला कराडलाच थांबणार. ६० असला तरी आमच्यासाठी तो जास्त देणारा आहे, शिवाय तिथे आईला चालायला मोकळी जागाही आहे. आता एकच विचारते: पुणे ते कोल्हापूर या पट्ट्यात १००० व्होल्टची प्लेट असलेला, १२० किंवा त्याहून मोठा चार्जर कुणी स्वतः पाहिला असेल तर जागा आणि जमल्यास प्लेटचा फोटो इथे टाकाल का? आणि मोठा बूस्टर जुन्या गाडीत नंतर बसवून घेतलेला कुणी इथे आहे का?