हड्डावींच्या भाषांतरात अलिबाबा का नाही?

प्रश्न
हुसेन हड्डावी यांचं 'अरेबियन नाइट्स'चं १९९०चं इंग्रजी भाषांतर घेतलं. त्यात अलिबाबा, अल्लादीन, सिंदबाद तिघेही नाहीत. इंग्रज भाषांतरकार बर्टनच्या मूळ १० खंडांत सिंदबाद आहे, बाकी दोघे नाहीत. हे संक्षिप्त पुस्तक आहे का?

उत्तर १
नाही, पुस्तक पूर्ण आहे. त्याला आधार आहे अभ्यासक मुहसिन महदींनी १९८४ साली छापलेल्या अरबी संहितेचा, आणि त्या संहितेला फ्रेंच भाषांतरकार गालाँकडच्या जुन्या सीरियन हस्तलिखिताचा. ते हस्तलिखित तीन खंडांत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि २८२ रात्रींवरच तुटतं. गालाँचे फ्रेंच खंड मात्र १२ झाले (१७०४–१७१७). सिंदबाद त्याने दुसऱ्या हस्तलिखितातून घेतला. अल्लादीन आणि अलिबाबा या गोष्टी १७०९ मध्ये अलेप्पोच्या हन्ना दियाबने त्याला पॅरिसमध्ये तोंडी सांगितल्या. गालाँच्या रोजनिशीत याच्या नोंदी आहेत, पण छापील खंडांत दियाबचं नाव नाही. हा अन्यायच आहे. आजच्या आवृत्त्यांनी तरी ते नाव मुखपृष्ठावर घालावं.

प्रश्नकर्ता
मग अल्लादीनची अरबी हस्तलिखितं सापडली होती, त्यांचं काय?

उत्तर २
ती गालाँच्या फ्रेंचवरून अरबीत उलटी नेलेली आहेत. एक शाविसने केलं, दुसरं मिखाईल सब्बागने, दोन्ही पॅरिसमध्येच. महदींनी हे दाखवून देईपर्यंत भलेभले फसले होते. बर्टनने अल्लादीन यांतल्याच एका संहितेवरून घेतला. अलिबाबासाठी त्याला अरबी मूळ मिळालं नाही, म्हणून तोताराम शायान यांची हिंदुस्तानी आवृत्ती वापरली, आणि तिचंही मूळ पुन्हा गालाँच! दोन्ही गोष्टी बर्टनच्या पुरवणी खंडांत, तिसऱ्यात बघा.

अलिबाबाच्या गुहेचं दार उघडणाऱ्या मंत्रातला 'सिमसिम' हा अरबी शब्द म्हणजे तीळ, त्यामुळे आपलं 'तिळा तिळा, दार उघड' अर्थाला अगदी धरून आहे.

उत्तर ३
हातातलं भाषांतर कुठल्या घराण्यातलं, हे बघायला बगदादचा हमाल आणि तीन स्त्रियांची गोष्ट उघडा. सुरुवातीलाच बाजारहाट आहे. बर्टनकडे टोपलीत शामी सफरचंदं, उस्मानी बिही, ओमानी पीच पडतात. गालाँकडे नुसती सफरचंदं, बिही, पीच. ठिकाणांची नावं गेली. मग हौदातल्या आंघोळीनंतरचा अवयवांना नावं ठेवण्याचा चावट खेळ शोधा. गालाँ आणि इंग्रज भाषांतरकार लेनने तो गाळला; हड्डावी आणि बर्टनकडे आहे. शेवटी कविता पाहा. गालाँने त्या बहुतेक काढल्या, म्हणून त्याचं गद्य सलग पळतं.

मराठीत हा सगळा तपशील हवा असेल तर गौरी देशपांडे यांचे १६ खंड घ्या, ते बर्टनवरून आहेत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' नाव अरबीचं सांगतं, पण भाषांतर इंग्रजीवरून आहे. त्यातल्या शब्दावरून अरबी मूळ ठरवायला जाऊ नका.